साउंडबार घेतांना

हल्लींचे दूरदर्शनसंच इतके पातळ झाले आहेत कीं, चांगले कर्णे बसविण्यास त्यांत जागाच उरली नाहीं. पुष्कळ संचांत आवाज खालीं किंवा पाठीमागें फेकला जातो, आणि घरांतील वृद्धांस शब्द नीट कळत नाहींत. म्हणून साउंडबार घरोघर येऊं लागला आहे. कोणता घ्यावा असें पालक विचारतात, तेव्हां आम्ही उलट विचारतों, तो चालविणार कोण?

दुकानदार वॉटांचे मोठमोठे आकडे सांगतो. परंतु मुलें शाळेंत व वडील माणसें कामावर गेलीं म्हणजे घरीं आजीबाई एकट्याच असतात. त्यांच्यापुढें तीन रिमोट ठेविले, तर नातवास पुनःपुन्हां विचारण्याच्या संकोचानें त्या संच बंदच ठेवितात. असें घडलेलें आम्हीं पाहिलें आहे.

यास्तव आवाजापुरता तरी एकच रिमोट पुरावा. संचाच्या एचडीएमआयच्या ज्या खांचेजवळ 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' अशीं अक्षरें असतील, तेथेंच तार जोडावी. ही सोय २००९ सालीं एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीबरोबर आली. त्याच तारेंतून आवाज जातो व 'सीईसी' नांवाच्या सोयीनें आज्ञाही जातात. म्हणून दूरदर्शनच्या रिमोटनेंच साउंडबारचा आवाज कमीजास्त करितां येतो. ऑप्टिकल तारेंतून केवळ आवाज जातो, आज्ञा जात नाहींत. सीईसी सेटिंगांत चालू असावी लागते. तिला सॅमसंग 'ॲनीनेट प्लस' म्हणते, एलजी 'सिंपलिंक', तर सोनी 'ब्राव्हिया सिंक'. एकाच बाळाचीं इतकीं बारशीं कशास, तें त्यांचें त्यांस ठाऊक!

कांहीं साउंडबार आवाजाचा आकडा दाखवितात. कांहींवर नुसते रंगीत दिवे लुकलुकतात, व त्यांचा अर्थ पुस्तिकेंत शोधावा लागतो. आम्ही आकड्याचाच घेऊं. संवाद स्पष्ट करणारें स्वतंत्र बटण असल्यास उत्तम. वृद्धांस धडधडाटापेक्षां शब्दांची गरज अधिक. पट्टी फार उंच नसावी, नाहीं तर संचाचा रिमोट टिपणारा डोळाच तिच्याआड जातो.

विद्यार्थिमित्रहो, तारा जोडण्याची हौस तुम्हांस आहेच. पण खरेदीस जातांना आजीबाईंसही दुकानांत न्या, रिमोट त्यांच्या हातीं द्या, आणि तुम्ही जरा दूर उभे राहा.