सवाल खासीत होता

शिलाँगमध्ये हवालदाराला शनिवारी आउट पास मिळाला की तो काय करतो, हे तिथे राहून आलेल्या प्रत्येक फौजीला ठाऊक आहे. पोलीस बाजारला उतरायचं, बायकोसाठी शालीचा भाव विचारायचा, न घेता पुढे जायचं, मोमो खायचे, घरी फोन लावायचा आणि अंधार पडायच्या आत परतीची गाडी पकडायची. दीड वर्ष मी हेच केलं. नोव्हेंबर २०१८ मधल्या एका शनिवार-रविवारी मात्र वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी रॅप ऐकायला गेलो.

नेणारे दोघे. एक आमच्या युनिटचा नायक, कुर्ल्याचा पोरगा. त्याच्या कानात कायम वायर. 'आफत'वाला नेझी आपल्या कुर्ल्याचा, त्यानं पहिला व्हिडिओ आयपॅडवर केला, ही गोष्ट त्यानं लंगरच्या रांगेत मला किमान दहा वेळा ऐकवली असेल. दुसरे बाह. खासी भाषेत बाह म्हणजे भाऊ, दादा. वडीलधाऱ्या बाईला काँग. आमचे बाह छावणीच्या दुरुस्ती-देखभालीच्या कचेरीत सिव्हिलियन बाबू होते, निवृत्तीला चार वर्षं उरलेली, तोंडात सदा क्वाय. क्वाय म्हणजे ओली सुपारी, विड्याचं पान आणि चुना. आमच्या ब्लॉकच्या कामांचे कागद त्यांच्या टेबलावरून जात आणि मी युनिटचा क्लार्क, त्यामुळे आठवड्यातून तीनदा तरी गाठ पडे. आमची दोस्ती ती तेवढीच, कागदांची आणि लाल चहाची.

बाहंचा भाचा रॅप करायचा. खासी घराणं आईकडून चालतं, घर धाकट्या लेकीकडे जातं, आणि भाच्यांच्या बाबतीत मामाचा शब्द बापाइतकाच, कधी त्याहून जड. भाचा स्टेजवर उभा राहणार तर मामानं जायलाच हवं. त्या महिन्यात गावात वारंही तसंच होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला स्पेनमधल्या बिलबाओ शहरात एमटीव्ही युरोपचे पुरस्कार झाले आणि भारताचा पुरस्कार मेबा ओफिलिया आणि बिग री यांच्या 'डन टॉकिंग' या गाण्याला मिळाला. दोघं शिलाँगचे. बिग री 'खासी ब्लड्झ' या इथल्या जुन्या टोळीतला. टॅक्सीत, चहाच्या टपरीवर, केस कापताना, जिकडेतिकडे तोच विषय. "हवालदार साब, तुम्हीही चला," बाह म्हणाले. मी हो म्हटलं, ते खरं सांगायचं तर नाही म्हणायला कारण सुचलं नाही म्हणून.

शनिवारचा पहिला कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये दुपारी दोनला होता. नोव्हेंबरात तिथे साडेचारला सूर्य बुडतो, त्यामुळे सगळंच लवकर. मी कोपऱ्यातली जागा धरली. हा प्रकार गाण्याचा नव्हता, नाचाचा होता. पोरं जमिनीवर डोकं टेकवून भोवऱ्यासारखी फिरत होती, मग एका हातावर देह तोलून गच्च थांबत होती. नायक कानाशी लागून समजावत होता : ११ ऑगस्ट १९७३ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्कनं बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या. गाण्यात जिथे गळा थांबतो आणि नुसता ताल वाजतो, तेवढाच तुकडा त्यानं दोन सारख्या रेकॉर्डी घेऊन पुन्हा पुन्हा वाजवला, कारण पोरं त्या तुकड्यावरच नाचत होती. त्या तुकड्याला म्हणतात ब्रेक, म्हणून हे ब्रेकिंग. आमच्या पीटी उस्तादांनी ही पोरं पाहिली असती तर त्यांनी भरतीचा फॉर्म खिशातून काढला असता. मी मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे पाहत होतो. दोन टोळ्या समोरासमोर. एकानं करून दाखवायचं, मग हातानं 'आता तू' म्हणून खुणावायचं. समोरच्यानं त्याहून अवघड काही करायचं. आणि संपलं की मिठी.

हे मी पाहिलेलं होतं.

माझं गाव चिपळूण तालुक्यात. गणपतीत आमच्याकडे शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. एका बाजूला शक्तिवाले, दुसऱ्या बाजूला तुरेवाले. ढोलकी, झांज, पायात चाळ बांधलेले नाचे आणि मध्ये शाहीर. आधी गण, मग गौळण, आणि रात्र चढली की सवाल-जवाब. माझा चुलता तुरेवाला शाहीर. दिवसभर भातशेती, रात्री शाहिरी. मी सात-आठ वर्षांचा असताना शक्तिवाल्यांच्या शाहिरानं त्याला पुराणातला एक सवाल घातला आणि काकाला उत्तर येईना. भर मांडवात तो गप्प झाला. लोक हसले, टोमणे आले, झिलकऱ्यांनी माना खाली घातल्या. पहाटे त्याच शक्तिवाल्यानं आमच्या ओटीवर बसून चहा घेतला. काकानं वर्षभर पोथ्या चाळल्या आणि पुढच्या गणपतीत उभं राहून पहिलं काम केलं ते त्या सवालाचं उत्तर देण्याचं. एक वर्ष उशीर, पण दिलं. सवाल अंगावर ठेवायचा नाही, एवढं त्याला कळत होतं.

हे मी बाहंना माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, आमच्याकडेही आहे. फावार म्हणतात. दोन गावांचा तिरंदाजीचा सामना असला की बाण मारताना दोन-दोन ओळी जागच्या जागी जुळवून समोरच्या गावाची टर उडवायची. "ही पोरं समजतात, अमेरिकेतून आलं," बाह म्हणाले, आणि क्वायची दुसरी घडी तोंडात टाकली.

दुसरा कार्यक्रम लाइटुमख्राहमधल्या एका छोट्या कॅफेत. साठेक माणसं, जागा तीसांची. नायकानं वाटेत जादोह खाल्ला होता म्हणून तो तृप्त, मी उपाशी. खुर्ची नव्हती. मी भिंतीला धरून उभा राहिलो. चार-पाच जण आले, गेले. इंग्रजीतलं थोडं कळलं, खासीतलं अजिबात नाही. पण एक गोष्ट न कळताही कळत होती. गाणाऱ्याच्या शेजारी एक जोडीदार उभा असतो आणि ओळीचा शेवटचा शब्द झेलून जोरात म्हणतो. तो झिलकरी. त्याला ते इंग्रजीत काही म्हणोत.

मग भाचा आला. बारीक अंगाचा, चष्मा लावलेला, बँकेत नोकरीला शोभेल असा. मागे ताल लावला, त्यात दुइतारा वाजत होता, खासी लोकांचं तंतुवाद्य. बाह माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात ओळीमागून ओळ हिंदीत सांगू लागले.

गाणं जून महिन्याचं होतं.

त्या वर्षी जूनच्या सुरुवातीला शिलाँगमध्ये दंगल झाली, संचारबंदी लागली, मोबाइलचं इंटरनेट बंद झालं आणि लष्करानं फ्लॅग मार्च काढला. आमच्या युनिटमधून माणसं मागवली तेव्हा क्लार्कही मोजले गेले. मी तिसऱ्या गाडीच्या मागच्या फळीवर बसलो होतो, पाऊस होता, ताडपत्रीतून गळत होतं. एरवी माणसांनी फुललेले रस्ते रिकामे. एका चढावर गाडी वळली, तेव्हा दिव्यांचा झोत घरांच्या ओळीवरून सरकत गेला. लाकडी घरं, पत्र्याची छपरं, पडदे ओढलेले. एवढंच मला आठवतं. कुणी दगड मारला नाही, आम्ही कुणाला काही केलं नाही. कामगिरी झाली, परत आलो, चहा प्यायलो.

भाच्याच्या गाण्यात तो झोत घराच्या आतून होता. चार दिवस दुकानं बंद. घरात तांदूळ आहे, क्वाय संपलेली. आजीला नीट दिसत नाही. रात्री भिंतीवर उजेड येतो, तिच्या अंगावरून जातो, आणि ती विचारते : कोण आलंय? पाहुण्याला द्यायला क्वाय नाही रे घरात. कोणी उत्तर देत नाही. पुन्हा उजेड. पुन्हा आजी : कोण आलंय? मग जोडीदार ते दोन शब्द झेलतो, आणि मग सगळा कॅफे, साठ माणसं, एका सुरात.

बाह हिंदीत सांगायचे थांबले होते. गरजही नव्हती. आजी म्हणजे भाच्याच्या आईची आई. म्हणजे बाहंची आई.

जूनमध्ये संचारबंदी उठल्यावर बाह पाच दिवसांनी कचेरीत आले होते. मी त्यांच्या टेबलापाशी गेलो आणि विचारलं, "बाह, आमच्या कागदांचं काय झालं?" त्यांनी फाईल काढली, सही केली, दिली. घरी सगळे ठीक आहेत का, हे मी विचारलं नाही. जूनमध्ये नाही, जुलैमध्ये नाही, त्यानंतरही नाही. मनात वाईट काही नव्हतं. सुचलंच नाही, हे त्याहून वाईट.

परतीच्या गाडीत नायक बडबडत होता, "दादा, काय फ्लो आहे ना पोराचा!" मी हूं हूं केलं. रात्री रोल कॉलला माझा नंबर आला, तेव्हा शेजाऱ्यानं कोपर मारल्यावर मी ओरडलो.

रविवारी जायचं नाही असं मी ठरवलं होतं. ड्यूटीचं निमित्त सांगता आलं असतं. पण रविवारी क्लार्कला कसली ड्यूटी, हे बाहंना माझ्याइतकंच ठाऊक.

रविवारी सकाळी शिलाँग चर्चमध्ये असतं आणि बाजार बंद. त्यामुळे दुपारी जे झालं तो कार्यक्रम नव्हताच. बाहंच्या आईच्या घरामागच्या सपाट जागेत दहा-पंधरा पोरं गोल करून उभी होती. याला सायफर म्हणतात. यंत्र नाही, माइक नाही, एक जण तोंडानं ढोल-झांज वाजवतो आणि ज्याला सुचेल तो पुढे येतो. नायक तिसऱ्याच फेरीत शिरला. कुर्ल्याची मिश्र मराठी-हिंदी, लंगरची डाळ, हवालदाराची शिट्टी, बर्फात गोठलेली मिशी, सगळं त्यानं यमकात कोंबलं. कुणाला शब्द कळले नाहीत, पण डाळीवरचं सगळ्यांना कळलं. पोरं त्याला पाठीवर थापा मारत होती.

मग भाचा माझ्यासमोर आला. नीट हिंदीत म्हणाला, "अंकल, काल तुम्ही हात मागे बांधून उभे होता."

मी खाली पाहिलं. आत्ताही तसाच उभा होतो. विश्राम. पाय बारा इंचांवर. सिव्हिल कपडे, लोकरीची टोपी, सगळं व्यर्थ.

"सगळ्या कॅफेला कळलं होतं," तो हसला. मग जरा थांबून, "तुम्ही येणार हे मला आधीच माहीत होतं. आजीचा भाग मी गाळणार होतो. मामा म्हणाला, गाळू नकोस."

मी बाहंकडे पाहिलं. ते कुंपणापाशी उभे राहून पान मोडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

तिथे गोलात उभं राहून काहीतरी म्हणावं असं वाटलं. काकाच्या तोंडून शंभरदा ऐकलेला गण ओठांवर आला आणि तिथेच राहिला. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तिसऱ्या गाडीत मीच होतो की दुसऱ्या कुणाची गाडी त्या चढावर वळली, हेही मला सांगता येणार नाही. मी बाहंजवळ गेलो आणि म्हणालो, "जूनमध्ये मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"तुम्ही कागदाचं विचारलंत," बाह म्हणाले. राग नव्हता. तारीख सांगावी तसं म्हणाले. "चला, आई आत आहे."

खोली छोटी, चुलीची ऊब असलेली. म्हातारी खिडकीशी मोढ्यावर बसली होती, खांद्यावर चौकड्यांचं वस्त्र, मांडीवर क्वायचा डबा. आमच्या पावलांचा आवाज ऐकून तिनं मान वळवली आणि खासीत काहीतरी विचारलं. दोन शब्द. आदल्या रात्री साठ माणसांनी म्हटलेले, त्यामुळे मला भाषांतर लागलं नाही.

बाह काही बोलले नाहीत. भाचा दाराशी थांबला. नायकसुद्धा गप्प.

मी टोपी काढली. माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, फौजेत आहे म्हणून सांगितलं. बाहंनी ते खासीत केलं आणि त्यात बरंच काही जोडलं असावं, कारण माझ्या तीन वाक्यांना त्यांना पुष्कळ वेळ लागला. म्हातारी ऐकत राहिली. मग तिनं डबा उघडला, चाचपडत सुपारीचा तुकडा निवडला, पानाला चुना लावला आणि हात पुढे केला. मी दोन्ही हातांनी घेतलं.

ज्यांनी पहिल्यांदा क्वाय खाल्लीय त्यांना पुढचं माहीत आहे. दोन मिनिटांत कान तापले, कपाळावर घाम, आठ अंश थंडीत छातीत भट्टी. मी खुर्चीचा हात धरला. म्हातारी काहीतरी म्हणाली आणि सगळे हसले.

"काय म्हणाली?"

"म्हणते, फौजी आहे तर सरळ बसत का नाही," बाह म्हणाले, आणि घड्याळ दाखवलं. पाच वाजून गेले होते, बाहेर काळोख. मी आणि नायक चढावरून खाली धावत सुटलो.