बाभळीची फळी

लासलगाव म्हटलं की लोकांना कांदाच आठवतो. 1947 साली इथं बाजार समिती झाली. शेतकऱ्यांच्या बैलगाड्या माल घेऊन येत. त्या गाड्यांची चाकं, आरे, जू घडवणारे सुतार मात्र कुणाच्या ध्यानात राहिले नाहीत. आमचे नाना त्यातलेच. ट्रॅक्टर आले, गाड्या गेल्या, अन् नानांचा वाकस कोपऱ्यात पडला.

नानांनी बांधावरच्या बाभळीची एक जाड फळी माळ्यावर वाळत ठेवली होती. तिचा चौरंग करायचा, एवढंच त्यांचं राहिलेलं काम. पण आता हात थरथरतात. फळीला पीळही बसलेला. ओट्यावर ठेवली की डुगडुगायची. असा पीळ ते रंध्यानं काढत. दोन्ही टोकांना सरळ पट्ट्या आडव्या ठेवायच्या, एक डोळा मिटून कडा जुळतात का बघायचं, उंच कोपरे तेवढे उतरवायचे. बाभळीचा रेषा उलटा लागला की रंधा उचकतो, म्हणून तिरपा चालवायचा.

धाकट्या भावाच्या पोरानं छोटा सीएनसी राउटर आणलाय. रुळांवर सरकणारी मोटर, तिला रुंद पातं. संगणक सांगेल तसं आडवंउभं फिरतं अन् फेरीला अर्धा मिलिमीटर खातं. आधी त्यानं खालचा पाटच त्या पात्यानं सपाट करून घेतला. मग फळी ठेवून चारी कोपरे शिकंज्यांनी आवळायला लागला.

नाना खाटेवरून म्हणाले, "आवळू नको रे. दाबलं की आत्ता गप बसंल, सोडलं की परत आपल्या वळणावर जाईल."

पोरगं थांबलं. "मग काय करू, नाना?"

नाना उठले. फळी डुगडुगत होती त्या दोन्ही कोपऱ्यांखाली त्यांनी सारख्या उंचीच्या पाचरी सरकवल्या. पीळ दोन्हीकडं वाटून गेला, म्हणजे लाकूड कमी जाणार. फळी दाबाशिवाय स्थिर बसली, तेव्हाच शिकंजे कसू दिले, तेही हलकेच.

मोटर सुरू झाली. ओट्यावर भुसा उडाला. एक बाजू सपाट झाल्यावर फळी उलटली. आता पाचरी लागल्या नाहीत. जाडी चौरंगापुरती उरली.

पात्याच्या बारीक रेघा मात्र राहिल्या होत्या. नानांनी वाकसाशेजारचा रंधा मागितला. पोरानं फळी धरली. हात थरथरत होता, पण ढलपी अखंड निघाली.