मुलांना तुझं शेवटचं टोक आधी दाखवायचं आहे

प्रिय मुठा उजव्या कालव्या,

खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत तुझं पाणी बोगद्यातून न्यायची योजना आहे. सुमारे २८ किलोमीटरचा बोगदा. गळती थांबेल, उन्हाने उडून जाणारं पाणी वाचेल, वाटेतली चोरी बंद होईल. पाण्याच्या हिशेबाने हे रास्तच आहे आणि त्याला माझा विरोध नाही. पण तू शहरातून दिसेनासा झालास की पुण्याच्या मुलांना तुझा इतिहास शिकवणं फार अवघड होऊन बसेल, याची मला काळजी वाटते. म्हणून तू उघड्यावर वाहतो आहेस तोवरच हे पत्र लिहिते आहे.

मी शाळेत इतिहास शिकवते. आमची मुलं शनिवारवाडा पाहतात. पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी कसं आणलं, हे त्यांना ठाऊक असतं. सिंहगडाच्या सहलीला बस खडकवासल्याच्या भिंतीजवळून जाते, तेव्हा सगळी खिडकीशी गर्दी करतात. पण त्या भिंतीपासून निघून पर्वतीच्या पायथ्याने, स्वारगेटवरून, हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत असा दौंड-इंदापूरकडे जाणारा तू कोण, हे विचारलं तर वर्ग गप्प होतो. तुझ्या काठावरच्या वस्तीत राहणारी मुलंसुद्धा तुला नाला म्हणतात. त्यांचा दोष नाही. आम्ही त्यांना तुझं नाव एका वाक्यापुरतं सांगितलं: इंग्रजांनी धरणं बांधली, कालवे काढले. झालं, पुढचा धडा.

त्या एका वाक्यात किती माणसं गडप झाली आहेत! फाईफ या लष्करी इंजिनियरच्या नावाने खडकवासल्याच्या जलाशयाला लेक फाईफ म्हणत, हे निदान कागदोपत्री उरलं. दगड फोडणारे, पाट्या वाहणारे, चुना मळणारे कोण होते, कुठून आले होते, ते मुलांना कुणी सांगत नाही. १८७० च्या दशकात तुझं काम झालं. पुणे आणि खडकीच्या छावण्यांना पिण्याचं पाणी आणि पूर्वेकडच्या कोरडवाहू मुलखाला शेतीचं पाणी, असे दोन हेतू होते. त्याच दशकात १८७६ ते ७८ चा दुष्काळ पडला. शेजारच्या नीरा डाव्या कालव्याचं काम दुष्काळी काम म्हणूनच सुरू झालं. दुष्काळी कामांवर माणसाला दिवसाकाठी एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे, इतकी मजुरी खाली आणली गेली. माणसं कामं सोडून निघून गेली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. कालव्यांचा इतिहास शिकवायचा तर हा एक पौंड वर्गात तागडीत तोलून दाखवायला हवा. साडेचारशे ग्रॅम ज्वारी. त्यावर दिवसभर माती उपसायची. आकडा पाठ करण्यापेक्षा ती तागडी मुलांच्या जास्त लक्षात राहील.

नंतर मी त्यांना तुझा उतार शिकवीन. मला स्वतःला तुझी हीच गोष्ट सगळ्यांत विलक्षण वाटते. नदी आपल्या उताराने झपाट्याने खाली जाते. तू मात्र डोंगराच्या कडेकडेने, अगदी नाममात्र उतरत चालतोस. त्यामुळे जितकं पुढे जावं तितकं तुझ्यात आणि नदीत अंतर पडत जातं. भिजते ती मधली जमीन. पंप नाही, इंजिन नाही, नुसत्या उताराच्या जोरावर शेकडो शेतं पाणी घेतात. मुलांना मातीचा उतार करून, त्यावर बोटाने चर ओढून आणि तांब्याभर पाणी सोडून हे करून पाहता येतं. चर जरा जास्त तिरका झाला की पाणी पळतं आणि कड फोडतं, कमी तिरका झाला की जागीच साचतं. दोन-चारदा चर मोडला की इंजिनियरिंग म्हणजे काय ते त्यांना आपोआप कळतं.

पण त्याच मातीत आणखी एक गोष्ट दिसते. तू पूर्वेकडे जाताना तुझ्या डाव्या हाताची जमीन भिजते. उजव्या हाताची, म्हणजे तुझ्याहून उंचावरची, कोरडीच राहते. त्या बाजूच्या माणसाने रोज पाणी वाहताना पाहिलं, पण त्याच्या वावरात थेंब आला नाही. नकाशावर एक रेघ ओढली गेली आणि भावाभावांच्या जमिनींची किंमत वेगळी झाली. हे बाराव्या वर्षीच्या मुलाला नक्की समजतं. रेघ कुठून जाईल हे कुणी ठरवलं, असं तो विचारतोच, आणि हा प्रश्न इतिहासाचाच आहे.

जोतीराव फुले तुझ्या गोष्टीत ठळकपणे आले पाहिजेत. मुलांना ते मुलींच्या शाळेमुळे माहीत असतात. पण जोतीराव बांधकामाची कंत्राटं घेत आणि पुण्याजवळच्या धरणाच्या कामाला त्यांनी साहित्य पुरवलं होतं, हे ऐकलं की वर्ग सावरून बसतो. त्यांनी मांजरीला जमीन घेऊन बागायत केली. आणि १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये त्यांनीच पाटबंधारे खात्याच्या कारभारावर कोरडे ओढले. शेतकऱ्याकडून पट्टी घेता, तर त्याच्या शेतापुरतं पाणी त्याला मोजून, तोटीने द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्याने बांधकामाचा माल पुरवला, ज्याने वावरात पाणी खेळवलं, त्याच माणसाने हिशेबही मागितला. एवढी भरगच्च व्यक्तिरेखा हाताशी असताना आम्ही मुलांना फक्त सनावळी देतो, याचं मला मनापासून दुःख होतं.

विश्वेश्वरय्या तर आमच्याच शहरात इंजिनियर झाले. खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये बसले. भिंतीची उंची न वाढवता साठा वाढवण्याची ती युक्ती होती. विज्ञानाच्या बाई हे माझ्यापेक्षा छान शिकवतील.

तुझ्या दुखण्यांबद्दलही मुलांशी बोलायला हवं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं आणि पुणं बुडालं. ती आठवण घराघरात आहे, म्हणून ती शिकवणं सोपं जातं. २७ सप्टेंबर २०१८ मात्र लोक विसरत चालले आहेत. त्या दिवशी जनता वसाहतीजवळ तुझी भिंत ढासळली आणि दांडेकर पुलाच्या भागातल्या वस्तीत पाणी शिरलं. घरातलं धान्य, अंथरुणं, मुलांची दप्तरं वाहून गेली. कारण म्हणून उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी पोखरलेला भराव सांगण्यात आला. दीडशे वर्षांच्या मातीच्या भरावाला रोजची देखभाल लागते. पाटकरी, मजूर, कालवा निरीक्षक यांची ती मुकाट नोकरी आहे. ती माणसं कमी झाली की भराव कुणी चालत तपासत नाही, आणि त्याची किंमत सगळ्यांत खालच्या घरांना मोजावी लागते.

आता तुझ्या शेवटच्या टोकाविषयी. सहल नेहमी धरणापासून सुरू होते. मला ती उलटी काढायची आहे. पाणी देण्याचा नियमही टेलकडून हेडकडे असाच आहे: आधी शेवटच्या शेताला, मग वरच्याला. प्रत्यक्षात इंदापूरच्या टेलचा शेतकरी आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटल्याची बातमी ऐकून दिवस मोजत बसतो. त्याच्याकडे आधी जावं. सात नंबरचा पाणी अर्ज कसा भरतात ते मुलांनी त्याच्याकडून शिकावं, एकेकाने आपल्या हाताने भरून पाहावा. रात्रीची पाळी आली की दारं धरायला, म्हणजे शेतात पाणी वळवायला, कोण जातं, साप-किरडू, चिखल, थंडी कशी असते, ते त्याच्या घरातल्या मुलांकडून ऐकावं. ती मुलं आमच्या मुलांच्याच वयाची असतात.

तिथून वर येताना तुझा जुना फाटा लागतो, ज्याला सगळे बेबी कालवा म्हणतात. मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचं वापरलेलं, प्रक्रिया केलेलं पाणी उचलून त्यात सोडतात. म्हणजे सकाळी आमच्या वर्गातल्या मुलाने तोंड धुतलेलं पाणीच पुढे कुणाच्या तरी उसाला जातं. हे पाणी किती स्वच्छ असतं, हे काठच्या शेतकऱ्यांनाच विचारायला हवं. मुलांनी तिथे नाकाला रुमाल लावला तरी चालेल. पण ते पाणी आपलंच आहे, हे त्यांना त्या जागी उभं राहूनच समजायला हवं.

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा मिळून साठा सुमारे २९ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. त्यातल्या निम्म्याहून जास्त पाणी आज एकटं शहर वापरतं. तुला खणलं तेव्हा शहराचा वाटा लहान होता आणि शेतीचा मोठा. हे पारडं कसं फिरलं, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत दरवर्षी कशावरून वाद होतो, हे नागरिकशास्त्राच्या कुठल्याही प्रकरणापेक्षा जिवंत आहे. शहरातलं मूल आणि टेलचं मूल या वादात समोरासमोर बसलेलं मला पाहायचं आहे. दोघांनी एकमेकांची बाजू मांडून दाखवावी. माझी खात्री आहे, मोठ्यांपेक्षा ती समजुतीने बोलतील.

तू जमिनीखाली जाशील तेव्हा तुझा एखादा किलोमीटर तरी उघडा राहावा, एवढंच मागणं आहे. एक जुनं दार, पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी, दगडी मोरी आणि काठाला मजबूत कठडा. कठड्याचा आग्रह मी मुद्दाम धरते, कारण तुझ्या पाण्याची ओढ जबर आहे आणि तुझ्यात मुलं बुडाली आहेत. शहरातल्या मोकळ्या झालेल्या जागेवर रस्ता होईल, बाग होईल, काही होवो, पण तेवढा तुकडा शाळांसाठी ठेवावा. मुठेचा डावा कालवा शहरातून नाहीसा झाला, त्याची आठवण आता कॅनॉल रोड एवढीच उरली आहे.

हे पत्र तुझ्या नावे लिहिलं असलं तरी तुझ्या काठावर नोकरी करून निवृत्त झालेल्या पाटकरी आणि मोजणीदार मंडळींनी ते वाचावं, ही माझी इच्छा आहे. काका, तुमच्या डायऱ्या, जुन्या पाळ्यांची पत्रकं, पाणीपट्टीच्या पावत्या माळ्यावर असतील तर रद्दीत घालू नका. जवळच्या कुठल्याही शाळेत घेऊन जा आणि इतिहासाच्या शिक्षकांना भेटा. रब्बीचं आवर्तन सुटलं की आम्ही सहावीच्या मुलांना घेऊन इंदापूरच्या बाजूने निघणार आहोत. तुमच्यापैकी कुणी बरोबर आलं तर मुलांना दार कसं फिरवतात ते तुमच्याच हातून पाहायला मिळेल.

तुझी,
पुण्यातली एक इतिहास शिक्षिका