दहावीचा निकाल बघा, पण आधी आठवीचा पट मागा

थोडं लांब लिहितोय. घरात शाळेत जाणारी पोरगी असेल तर शेवटपर्यंत वाचा.

निकाल लागला की आपल्याकडे शाळांचे फ्लेक्स लागतात. दारव्ह्याकडे जा की यवतमाळकडे, "१०० टक्के निकालाची परंपरा कायम" कुठं ना कुठं दिसतंच. पोरींचे हसरे फोटो, खाली टक्के. बघून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्या फ्लेक्सवर एक आकडा कधीच नसतो. परीक्षेला बसलेल्यांपैकी किती पास झाल्या ते असतं. त्याच पोरी आठवीत आल्या तेव्हा वर्गात किती होत्या, ते नसतं.

माझी भाची यंदा सातवी पास झाली. बोरीजवळच्या लहान गावात राहते, तिथली शाळा सातवीपर्यंतच. बहिणीची अट एकच: शाळा मुलींची पाहिजे आणि सरकारी पाहिजे. म्हणून मी मामा या नात्यानं काही शाळा पाहून आलो. कोणत्या, ते लिहिणार नाही. कुणाला नावं ठेवायला ही पोस्ट नाही, आणि जे दिसलं ते एकाच शाळेचं दुखणंही नाही.

बहिणीच्या अटीमागची गोष्ट आधी समजून घ्या. पोराची शाळा वाईट निघाली तर बाप त्याला दुसऱ्या शाळेत टाकतो. पोरीचं तसं नसतं. "मुलींची शाळा असेल तरच पाठवू" म्हणणाऱ्या घरात ती एक शाळा नापास झाली की पुढचा पर्याय दुसरी शाळा नसतो. पुढचा पर्याय घर असतो, वावर असतो, आणि मग पाहुणे बघायला येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणजे पाचातली एक. म्हणून सरकारी कन्या शाळा चांगली आहे की नाही, हा प्रश्न माझ्या मते गावाचा आहे, एकट्या पालकाचा नाही.

आता हिशोब. समजा आठवीत ६० मुली होत्या. दहावीला बसल्या ४१, आणि सगळ्या पास. फ्लेक्सवर निकाल १०० टक्के. पण आलेल्या ६० पैकी दहावी पार केली ४१ जणींनी, म्हणजे ६८ टक्के. उरलेल्या १९ कुठं गेल्या? काही दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेल्या असतील, ते ठीक. काहींना नववीत गाळलं असेल. काहींना "तू १७ नंबरचा फॉर्म भर" म्हणून बाहेरून बसवलं असेल, म्हणजे शाळेच्या निकालाला धक्का लागत नाही. आणि काही नुसत्याच यायच्या बंद झाल्या असतील. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात या प्रत्येकीची नोंद असते. शाळा चांगली की वाईट ते या १९ जणींवरून कळतं, ४१ जणींवरून अर्धंच कळतं.

२०२५ चा राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के होता. मुली ९६.१४, मुलं ९२.३१. पोरी पुढं आहेतच, अभिमान आहे. पण जवळपास सगळ्याच शाळा नव्वदीच्या पुढं असतील तर त्या आकड्यावरून दोन शाळांतला फरक कसा कळणार? त्यात २० गुण तोंडी-प्रात्यक्षिकाचे शाळेच्याच हातात. दुसऱ्या बाजूला २०२३ चा 'असर' अहवाल बघा. १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींची पाहणी होती. जवळपास चौथा हिस्सा आपल्याच भाषेतला दुसरीचा उतारा सरळ वाचू शकला नाही, आणि साधा भागाकार निम्म्याहून जास्त जणांना जमला नाही.

सरकार मूल्यांकन करत नाही असं नाही. २०१५ पासून 'शाळासिद्धी' आहे, ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं. 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' आली, बक्षिसं आली, भिंती रंगल्या. रंग चांगलाच आहे. पण ही माहिती बहुतेक शाळाच भरते आणि साहेब यायच्या दिवशी सगळं चकाचक असतं. म्हणून आपण कधीतरी साध्या दिवशी जावं. मी गेलो तेव्हा पाच गोष्टी पाहिल्या.

पहिली, संडास. निकष ४० मुलींमागे एक असा आहे. आकडा कागदावर जुळतो. आपण बघायचं ते हे, की पाणी येतं का, कडी लागते का, मधल्या सुट्टीत कुलूप उघडं असतं का. एका शाळेत मुली दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. का, ते आयांना विचारा, त्या सांगतील. पाळीच्या चार दिवसांत गैरहजेरी का वाढते, त्याचंही उत्तर तिथंच आहे.

दुसरी, दिवाळीनंतरची हजेरी. कापूस वेचणीला आला की वर्ग रिकामे होतात. शिक्षक काय करतात? एका मॅडमनी सांगितलं, "भाऊ, दोन दिवस पोरगी आली नाही की मी घरी फोन लावते, तिसऱ्या दिवशी स्वतः जाते." त्या शाळेचा रंग उडालेला होता. माझ्या हिशोबात ती शाळा पहिली आली.

तिसरी, गणित-विज्ञानाचे शिक्षक. पद मंजूर आहे की माणूस खरोखर वर्गात आहे? प्रयोगशाळेच्या कुलपाला गंज चढलाय का?

चौथी, एसटी. अहिल्याबाई होळकर योजनेत खेड्यातल्या मुलींना पास मोफत आहे. पण जादा तास संपायच्या आधीच शेवटची गाडी निघून गेली तर तो पास कशाचा? २०२१-२२ मध्ये एसटीचा संप कितीतरी महिने चालला, तेव्हा गाडीवर अवलंबून असलेल्या पोरींचं काय झालं ते आपण पाहिलंय. शाळेचं वेळापत्रक गाडीच्या वेळेला जुळवणं हा गुणवत्तेचाच भाग आहे.

पाचवी, तक्रारपेटी. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयानं प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती बंधनकारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना घडल्यावर पुन्हा आदेश निघाले. भिंतीवर समितीचा बोर्ड असतो. विचारायचं एवढंच: शेवटची बैठक कधी झाली, आणि पेटी कोण उघडतं?

आणि एक, जे कोणत्याच फॉर्मात नाही. पोरीची वही मागा आणि तिनं स्वतःच्या मनानं लिहिलेलं एक पान शोधा, गाइडमधलं नाही. १८४८ मध्ये भिडे वाड्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली. त्यांच्याच शाळेत तीन वर्षं शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तीन वर्षांत मुलगी आपल्या लोकांचं दुःख जगाला विचारायला शिकली. आपल्या पोरी दहा वर्षं शिकून "माझा आवडता ऋतू" पाठ करत असतील, तर कमी कुठं पडतंय?

कुणी म्हणेल, शिक्षकांवर आधीच ऑनलाइन माहितीचं ओझं, त्यात तुमची चौकशी. बरोबर आहे. म्हणूनच जाब विचारायला जाऊ नका, हिशोब समजून घ्यायला जा. १९ मधल्या दोघी-तिघी गावानं मिळून परत आणता येतात. सरपंच, अंगणवाडी ताई, बचत गटाच्या बायका, हे शिक्षकांचेच हात आहेत. शाळेचा यू-डायस क्रमांक ११ अंकी असतो. तो टाकला की वर्गवार पट, शिक्षक, संडास हे सगळं मोबाइलवर दिसतं. नाहीच जमलं तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज आहे.

भाचीला त्या रंग उडालेल्या शाळेतच टाकतोय. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे वेळ आहे. तुमच्या भागातल्या कन्या शाळेचे दोन आकडे काढा: आठवीत किती होत्या आणि त्यातल्या किती दहावीला बसल्या. कमेंटमध्ये फक्त आकडे टाका. पोरींची नावं टाकू नका.