एका नावाच्या दोन नोंदी

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. त्या जागेला आपण मोठ्या कौतुकानं प्रीतिसंगम म्हणतो. पण पुढं वाहते ती कृष्णाच. कोयनेचं पाणी राहतं, नाव राहत नाही. एकत्र यायचं म्हणजे कुणीतरी आपलं नाव सोडायचंच का? कलाशाखेच्या विद्यार्थिनीला हा प्रश्न एखाद्या कवितेनं पडावा; मला तो संगणकापुढं पडला.

मी दोन शब्दयाद्या करते आहे. एक आजीच्या मालवणीची, दुसरी पुस्तकी मराठीची. पहिलीत 'पुत्र' या नावापुढं 'झील', 'कन्या'पुढं 'चेडू', 'पती'पुढं 'घोव'. दुसरीत त्याच नावांपुढं मुलगा, मुलगी, नवरा. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत अशा नाव-नोंदींच्या जोड्यांना ऑब्जेक्ट म्हणतात. ते जोडायला लोडॅश नावाचा तयार साधनसंग्रह २०१२ पासून आहे. गंमत म्हणजे त्यात जोडण्याच्या तऱ्हा अनेक आहेत, आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा!

'असाइन'मध्ये शेवटी येईल त्याचा शब्द खरा. पुस्तकी यादी नंतर दिली, की 'झील' पुसून तिथं 'मुलगा' बसतो. 'डिफॉल्ट्स' याच्या उलट: आधी आलेल्याचा मान राखायचा, नंतरच्यानं फक्त रिकाम्या जागा भरायच्या. 'मर्ज' मात्र नोंदीच्या आत उतरतो. 'पुत्र'पुढं एकच शब्द न ठेवता एका यादीत 'मालवणी: झील' आणि दुसरीत 'प्रमाण: मुलगा' असं लिहिलं, तर दोन्ही सुखानं नांदतात. पण नावं न देता नुसती रांग केली, तर मर्जसुद्धा पहिल्या जागेवर पहिलाच बसवतो, आणि झील पुन्हा जातो! शिवाय या तिन्ही तऱ्हांत पहिला दिलेला ऑब्जेक्टच बदलतो. म्हणून जाणते लोक आधी एक रिकामा ऑब्जेक्ट पुढं करतात. मूळ याद्या शाबूत राहतात.

संगणकाला मालवणीचा राग नाही की प्रमाण मराठीचा लळा नाही. क्रम आपणच ठरवतो. मी शाळेत गेले तेव्हा 'चेडू' म्हणू नको, असं मला कुणी दटावलं नाही. नंतर आलेला शब्द त्याच जागी बसला, इतकंच. आज आजी नाही, आणि आमच्या घरात 'चेडू' म्हणून हाक मारणारंही कुणी उरलेलं नाही.

म्हणून माझ्या यादीत मी प्रत्येक शब्दाला त्याच्या बोलीचं नाव देऊन ठेवते आहे. काम वाढतं, यादी लांबते. वाढू दे. 'पती'पुढं 'घोव' आणि 'नवरा' शेजारी शेजारी दिसले, की आजी आणि माझ्या बाई एका पंगतीला बसल्यासारखं वाटतं. एकीनं उठून दुसरीला जागा द्यावी, असं त्या पंगतीत काही नसतं.

— द्वितीय वर्ष, कला