सोमवारची वही

२०२५ च्या फेब्रुवारीतील एका रात्री सेलूच्या मोंढ्यातील आमच्या आडत दुकानाचा रोजमेळ जुळेना. हे दुकान आता माझा पुतण्या चालवितो. बँकेतून निवृत्त होऊन गावी परतल्यापासून मी संध्याकाळी तेथे तासभर बसतो, कारण आकड्यांशी जडलेली संगत सुटत नाही. तीन वेळा बेरीज केली. रोकड २३,४०० रुपयांनी कमी भरत होती. चौथ्या वेळी वही ओढली, तेव्हा पुतण्याचा मुलगा उठून उभा राहिला. वय एकोणीस, बी.कॉम.चे दुसरे वर्ष. "आबा, मोजू नका," तो म्हणाला. "ते मी घेतले आहेत."

चॅम्पियन्स करंडकाचे सामने चालू होते. मोबाइलवर खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडायचा, त्यावर पैसे लावायचे, आणि प्रत्यक्ष सामन्यात त्या खेळाडूंनी जे केले त्याचे गुण मोजायचे, असा तो खेळ. सुरुवात एकोणपन्नास रुपयांनी झाली. ते गेले. गेलेले परत आणण्यासाठी शंभर लावले, तेही गेले. पुढचा हिशेब वाचकांनी अनेक घरांत ऐकलेला असेल. सप्तव्यसनांत द्यूताची गणना पहिली का होते, हे ज्या मुलाला पाठशाळेत पाठ होते, त्याला ते मोबाइलच्या पडद्यावर ओळखता आले नाही, कारण तेथे त्याला 'कौशल्याचा खेळ' असे नाव होते.

पुतण्याचा संताप रास्त होता. "उद्यापासून याने दुकानाची पायरी चढायची नाही. परीक्षा झाली की पुण्याला कोणाच्या तरी हाताखाली पाठवतो." मी एवढेच म्हणालो, "गल्ल्याच्या किल्ल्या काढून घे, मोबाइलवरील पैशांचे व्यवहार बंद कर. पण पायरीचा निर्णय आयपीएल संपेपर्यंत थांबव." मुदत मागणारे अर्ज मी छत्तीस वर्षे वाचले आहेत, स्वतः मुदत मागण्याची ती पहिलीच वेळ.

माझे जावई न्यू जर्सीत असतात. त्यांच्या कचेरीतील मंडळी अमेरिकन फुटबॉलच्या हंगामात असाच काल्पनिक संघांचा खेळ खेळतात. त्यांच्याकडून कळले की हा खेळ मोबाइलच्याच काय, घरगुती संगणकाच्याही आधीचा आहे. १९६२ मध्ये ओकलंडचे बिल विंकेनबाख आणि त्यांच्या मित्रांनी त्याचे नियम बसविले, आणि पुढे कित्येक वर्षे त्याचे गुण लोक वर्तमानपत्र पाहून हाताने वहीत मांडत असत. वही म्हटल्यावर माझे कान टवकारले. मुलाच्या मनातून खेळ काढणे माझ्या हाती नव्हते. खेळातून पैसा काढणे मात्र हाती होते.

आम्ही घरातल्या घरात आठ संघ केले. सेलूत चार, परभणीत एक, पुण्यात दोन आणि न्यू जर्सीत एक. प्रत्येकाकडे बारा खेळाडू, आणि एक खेळाडू एकाच संघात. धावेला एक गुण, बळीला पंचवीस, झेलाला आठ. पैसा कोठेही नाही. गुणांची वही लिहिण्याचे काम मुलाकडे आणि तपासणी माझ्याकडे.

या खेळाचा खरा कस हंगामाच्या मध्यावर लागतो. आरंभी निवडलेले बारा जण शेवटपर्यंत पुरत नाहीत. कोणी जायबंदी होतो, कोणाची लय हरपते, कोणाला संघातूनच वगळले जाते. जे खेळाडू कोणाच्याही संघात नाहीत, त्यांचा एक सामाईक साठा असतो, आणि त्यातून मधल्या काळात नवा खेळाडू उचलता येतो. अमेरिकेत या व्यवस्थेला 'वेव्हर' म्हणतात. तिचे दोन नियम मला फार आवडले. पहिला असा की निवडीचा पहिला हक्क गुणतक्त्यात सर्वांत खाली असणाऱ्याला मिळतो. दुसरा असा की संख्या बाराच राहील. एक घ्यायचा तर एक सोडलाच पाहिजे. आपल्याकडे परिग्रह-परिमाण व्रत सांगितले आहे, त्याचीच आठवण झाली. मर्यादा आधी आखलेली असली की प्रत्येक घेण्यामागे सोडण्याचा विचार आपोआप येतो. सोडलेला खेळाडू आठवडाभर साठ्यात राहील आणि पुढच्या सोमवारी कोणालाही मिळेल, असे आम्ही ठरविले. दर सोमवारी रात्री नऊ वाजता दूरध्वनीवर सारे एकत्र येत.

प्रत्यक्ष आयपीएलमध्येही हंगामाच्या ऐन मध्यावर आलेल्या खेळाडूंनी इतिहास घडविला आहे. २०११ च्या लिलावात ख्रिस गेलला कोणी घेतले नव्हते. जायबंदी खेळाडूच्या जागी तो बंगळुरूच्या संघात आला आणि ६०८ धावा करून त्या हंगामाचा सर्वाधिक धावांचा मानकरी ठरला. २०२२ मध्ये रजत पाटीदारही असाच बदली म्हणून आला आणि बाद फेरीत लखनौविरुद्ध त्याने नाबाद ११२ धावा केल्या. २०२५ च्या हंगामाच्या तोंडावर आपला पालघरचा शार्दूल ठाकूर, लिलावात विकला न गेलेला, लखनौकडे बदली म्हणून आला आणि २७ मार्चला त्याने हैदराबादचे ३४ धावांत चार गडी टिपले. माझ्या भावजयीने त्याला पहिल्याच सोमवारी उचलले. विचारले तर म्हणाली, "ज्याला घरी बसवले होते, तो मन लावून काम करणारच."

एप्रिलच्या मध्यापर्यंत मुलाचा संघ आठवा आणि माझा सातवा होता. त्याचा कर्णधार ऋतुराज गायकवाड कोपराच्या दुखापतीने संपूर्ण हंगामासाठी बाहेर गेला होता. मी रोहित शर्मावर विसंबून होतो आणि त्याच्या पाच डावांत मिळून ५६ धावा झाल्या होत्या. १३ एप्रिलच्या रविवारी दिल्लीच्या करुण नायरने मुंबईविरुद्ध ४० चेंडूंत ८९ धावा कुटल्या. तीन वर्षांनी आयपीएलमध्ये परतलेल्या या फलंदाजाची खेळी पाहून सगळे घर भारावले. सोमवारी पहिला हक्क मुलाचा होता आणि तो नायरलाच घेणार याबद्दल कोणालाही शंका नव्हती.

त्याने नाव घेतले आयुष म्हात्रेचे. विरारचा सतरा वर्षांचा मुलगा. आयपीएलमध्ये तोवर एकही सामना खेळलेला नव्हता. ऋतुराजच्या जागी चेन्नईने नुकताच घेतलेला. पुण्याहून हसण्याचा आवाज आला. मी कारण विचारले. तो म्हणाला, "आबा, नायरच्या धावा काल झाल्या, त्या आपल्या वहीत येणार नाहीत. चेन्नईची वरच्या फळीतली एक जागा मोकळी झाली आहे. संघ तळाला आहे, जुने प्रयोग फसले आहेत. नव्या मुलाला उतरवल्यावाचून त्यांना गत्यंतर नाही. मी धावा घेत नाही, जागा घेतोय."

मी मात्र धावा घेतल्या. नायरला आनंदाने उचलले आणि रोहितला सोडले. पुढच्याच सामन्यात नायर शून्यावर धावचीत झाला आणि त्या हंगामात त्याचे दुसरे अर्धशतक झाले नाही. २० एप्रिलला वानखेडेवर मुंबई आणि चेन्नई समोरासमोर आले. पदार्पणात म्हात्रेने १५ चेंडूंत ३२ धावा केल्या. त्याच रात्री रोहितने नाबाद ७६ धावा करून सामना जिंकून दिला. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मुलगा अजून तळाला होता, म्हणून पहिला हक्क पुन्हा त्याचाच. त्याने एका गोलंदाजाला सोडले आणि मी टाकलेला रोहित उचलला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण केवळ गुण गेल्याचे नव्हते. मला एक जुने खाते आठवले.

एका शाखेचा व्यवस्थापक असताना एका जिनिंग कारखानदाराचे खाते माझ्यापुढे आले होते. कापसाचा भाव पडला होता, मालाला उठाव नव्हता आणि दोन तिमाह्यांचे व्याज थकले होते. यंत्रे चालू होती, कापूस घालणारे शेतकरी टिकून होते, माणूस रोज कारखान्यात होता. मी थकबाकीचा आकडा पाहिला आणि त्यांची मर्यादा कमी करण्याची शिफारस केली. त्याच महिन्यात एका व्यापाऱ्याला मोठी मर्यादा मंजूर केली, कारण त्याच्या मागील वर्षाच्या ताळेबंदात विक्रमी नफा होता. तो नफा एका सौद्याचा होता आणि त्यामागे कायमचा व्यवसाय नव्हता, हे कागदांत दिसत होते. मी पाहिले नाही. व्यापाऱ्याचे खाते दीड वर्षात बुडीत निघाले. कारखानदाराने दुसरीकडून पैसा उभा करून दोन वर्षांत सर्व कर्ज फेडले आणि हिशेब पूर्ण करण्यासाठी माझ्यापुढे बसला, तेव्हा एकच वाक्य बोलला, "साहेब, माझा धंदा गेला नव्हता, फक्त हंगाम गेला होता."

रोहितचा तरी दुसरे काय झाले होते? धावा आटल्या होत्या, जागा गेली नव्हती. तो सलामीलाच येत होता आणि पूर्ण वीस षटके त्याच्यापुढे मोकळी होती. ऋतुराजची गोष्ट वेगळी होती. तो कितीही मोठा फलंदाज असला तरी त्या हंगामात त्याची जागाच उरली नव्हती, त्याला धरून ठेवणे हा केवळ मोह ठरला असता. हंगामाच्या मध्यावर बदल करताना विचारायचा प्रश्न हाच आहे: याच्या धावा आटल्या आहेत की याची जागा गेली आहे? पहिल्या प्रकारच्याला धीर द्यावा, दुसऱ्याला सोडावे. नव्याला घेतानाही तोच प्रश्न उलट करून विचारावा: याला जागा मिळाली आहे, की फक्त काल धावा मिळाल्या? त्याला फलंदाजीसाठी किती षटके उरतात, गोलंदाज असेल तर तो अखेरची षटके टाकतो का, साखळीच्या चौदा सामन्यांपैकी त्याच्या संघाचे किती बाकी आहेत आणि तो संघ बाद फेरीत जाण्याचा संभव किती, एवढे पाहिले की निम्मे मोह गळून पडतात. आणि एखाद्याला आपण किती हौसेने निवडले होते, हे त्या हिशेबात धरू नये. एम.कॉम.ला असताना झालेला खर्च पुढच्या निर्णयात मोजू नये, हे मी उत्तरपत्रिकेत लिहून गुण मिळविले होते. आचरणात आणायला साठी उलटावी लागली.

३ मे रोजी म्हात्रेने बंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४ धावा केल्या. सात सामन्यांत त्याच्या २४० धावा झाल्या. ९ मे रोजी सीमेवरील तणावामुळे स्पर्धा स्थगित झाली आणि १७ मे रोजी पुन्हा सुरू झाली, तेव्हा अनेक परदेशी खेळाडू परतले नाहीत. त्या सोमवारी तर अर्धे घर जागा कोणाची गेली आणि कोणाला मिळाली याच्याच याद्या करीत बसले होते. रोहितने बाद फेरीत गुजरातविरुद्ध ८१ धावा केल्या. ३ जूनला बंगळुरूने अजिंक्यपद मिळविले, तेव्हा आमच्या वहीत मुलगा आठव्यावरून तिसरा आला होता, मी सातवाच राहिलो होतो, आणि पहिली आली होती माझी भावजय. तिने अख्ख्या हंगामात दोनच बदल केले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या माझ्याकडे आला. मुदत संपली होती. "काका, आता सांगा. पाठवू का याला?"

मी गुणांची वही त्याच्यापुढे ठेवली. दहा आठवडे, एकही खाडाखोड नाही, एकही बेरीज चुकलेली नाही. स्वतःच्या संघाचे चुकून जास्त धरलेले आठ गुण मुलाने कोणी न सांगता कमी केले होते आणि समासात तारीख घालून सही केली होती. मी म्हणालो, "याचा एक हंगाम वाईट गेला. याची जागा गेली आहे का, ते तू ठरव. बाप तू आहेस." पुतण्या बराच वेळ ती सही पाहत राहिला. मग खिशातून किल्ल्या काढल्या, माझ्या हाती दिल्या नाहीत. मुलाला हाक मारली.

पुढे ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. चांगले झाले. परंतु कायदा दार बंद करतो. आत बसलेल्या मुलाशी बोलण्याचे काम घरालाच करावे लागते. मी ते एका वहीने केले, आपण आपल्या रीतीने करावे.

दुकानाच्या खतावणीत जूनपासून मुलाच्या नावाचे एक पान आहे. नावे २३,४०० रुपये. त्याला मिळणाऱ्या मेहनतान्यातून दरमहा दोन हजार जमा होतात. डिसेंबरअखेर ९,४०० येणे बाकी आहे. एकही हप्ता चुकलेला नाही. खाते नियमित आहे.