परक्या तुरुंगातला आपला माणूस

मोहन रानडे हे नाव आमच्या पिढीने आधी पुण्यातल्या पेठांच्या वार्ताफलकांवर वाचलं, पाठ्यपुस्तकात नव्हे. मूळचे सांगलीचे मनोहर आपटे. गोव्यात मराठी शिकवायला गेले, तिथे आझाद गोमंतक दलात दाखल झाले आणि ऑक्टोबर 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. पोर्तुगिजांच्या लेखी ते गुन्हेगार होते, आमच्या लेखी आपल्याच भूमीसाठी लढणारा माणूस. शिक्षा झाली 26 वर्षांची. 1960 साली त्यांना लिस्बनजवळच्या कॅशियसच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं.

त्या काळी अशा माणसासाठी करायच्या गोष्टी ठरलेल्या होत्या. संध्याकाळी सभा, सभेच्या शेवटी ठराव, आणि ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला की सतरंज्या गुंडाळायच्या आत सह्यांचे कागद फिरायचे. ज्याला लिहिता येत नसे त्याचा अंगठा घ्यायचा, शाईचा पॅड कुणीतरी खिशातून आणलेलाच असे. मग दुसऱ्या दिवशी तारघरात जाऊन पंतप्रधानांना तार करायची. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून चारजण डोकी एकत्र करून एकेक शब्द खोडत बसत. ‘कृपया’ उडायचं, ‘ताबडतोब’ मात्र राहायचं. घरी मोठी माणसं पोस्टकार्डं लिहीत आणि पत्ता सुवाच्य लिहायचं काम आम्हा मुलांकडे असे.

आता हातातल्या फोनवर बोट टेकवलं की परराष्ट्रमंत्र्यांपर्यंत हाक जाते. सुषमा स्वराज त्या पदावर असताना ट्विटरवरच्या एका ओळीवर परदेशात अडकलेल्यांना मदत मिळाल्याचं आपण पाहिलं. 2015 पासून सरकारचं ‘मदद’ पोर्टल आहे, तिथे तक्रारीला क्रमांक मिळतो. तारघर 2013 साली कायमचं बंद झालं.

तेव्हाचं सगळं आठवताना गळा दाटतो खरा, पण तो काळ चांगला होता असं मी म्हणणार नाही. लिस्बनमधली आपली वकिलात 1953 सालीच बंद झाली होती, गोव्यातली 1955 साली. तुरुंगात जाऊन रानड्यांना भेटायला आपला हक्काचा अधिकारीच उरला नव्हता. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, पेढे वाटले गेले. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी तेव्हा आपल्या ताब्यात होते. 1962 च्या मे महिन्यापर्यंत ते सुखरूप मायदेशी गेले आणि ज्याने गोव्यासाठी गोळी खाल्ली तो कॅशियसच्या कोठडीतच राहिला. याचं दुःख मला आजही होतं. बदल्यात एक माणूस मागून घ्यायला हवा होता.

पुढची सात वर्षं त्यांच्यासाठी झटली ती माणसं. सुधीर फडके झटले. 1968 साली मद्रास राज्याचे, म्हणजे आजच्या तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई व्हॅटिकनला गेले असताना त्यांनी पोपकडे रानड्यांच्या सुटकेसाठी शब्द टाकला. एका मराठी कैद्यासाठी एका तमिळ नेत्याने रोमन कॅथलिक धर्मगुरूंकडे केलेली ती रदबदली होती. जानेवारी 1969 मध्ये रानडे सुटले. आमच्या तारांनी आणि पोस्टकार्डांनी ते कुलूप उघडलं असा दावा मला करता येत नाही. पण सुटकेपर्यंत त्यांचं नाव आमच्या तोंडात होतं, एवढं खरं.

आता कुलभूषण जाधवांकडे पाहा. तेही सांगलीत जन्मलेले, आपल्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीत घडलेले, नौदलातून निवृत्त झालेले. मार्च 2016 मध्ये पाकिस्तानने त्यांना हेर म्हणून अटक दाखवली. त्यांना इराणमधून पळवून नेलं, असं भारताचं म्हणणं आहे. एप्रिल 2017 मध्ये लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. या वेळी सरकार महिनाभरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभं राहिलं, हरीश साळव्यांनी एक रुपया मानधनावर बाजू मांडली, फाशी थांबली. 17 जुलै 2019 ला 15 विरुद्ध 1 मतांनी निकाल लागला: वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटू न देऊन पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचा भंग केला आहे, शिक्षेचा फेरविचार करावा. रानड्यांच्या नशिबी यातलं काहीच नव्हतं. त्या निकालाच्या तीनच आठवडे आधी, 25 जूनला, रानडे पुण्यात वारले.

आणि तरीही 25 डिसेंबर 2017 ची इस्लामाबादमधली जाधवांची आईशी झालेली ती भेट विसरता येत नाही. मध्ये काच. आईला मराठीत बोलू दिलं नाही. मंगळसूत्र, बांगड्या, टिकली आधीच काढायला लावलेली. आईचा मोकळा गळा पाहून मुलाने पहिलं काय विचारलं, तर बाबा कसे आहेत. सुषमाताईंनी संसदेत हे सांगितलं तेव्हा घराघरांत लोक रडले. पुढच्या आठवड्यात दुसरी बातमी आली आणि ही मागे पडली.

सरकार तेव्हा कमी पडलं, आता बरंच करतं. 2022 साली कतारमध्ये पकडलेल्या आठ माजी नौसैनिकांची फाशी रद्द होऊन फेब्रुवारी 2024 मध्ये ते सुटले, तेही गाजावाजा न करता. बोलाचाली बंद दाराआड चालतात आणि आरडाओरड्याने कधी कैद्याचंच नुकसान होतं, हे मलाही पटतं. पण गप्प राहणं वेगळं आणि विसरणं वेगळं. दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला भारत-पाकिस्तान एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. त्यात पालघरचे खलाशीही असतात, समुद्रातली न दिसणारी रेघ ओलांडली म्हणून धरलेले. त्या याद्या आपल्यापैकी किती जण वाचतात?

तार आता करता येत नाही, पण खासदाराला पत्र अजून लिहिता येतं. संसदेच्या पुढच्या अधिवेशनापूर्वी एक लिहा. जाधवांच्या शिक्षेच्या फेरविचाराचं काय झालं आणि पालघरचे किती खलाशी अजून तिकडे आहेत, एवढे दोनच प्रश्न त्यात विचारा.